पाठमोरे सर

आमच्या खो-खोच्या सरांचं आडनाव पाठमोरे नव्हतं. ते आम्ही मुलींनी ठेवलेलं. पण इतकं पक्कं बसलं, की एकदा पाचवीतल्या नव्या मुलीचे वडील ऑफिसात येऊन "पाठमोरे सरांना भेटायचंय" म्हणाले आणि शिपायानं काही न विचारता त्यांना मैदानाकडे पाठवलं. सरांनीही खुलासा केला नाही. "बोला," म्हणाले. त्यांचं खरं आडनाव मी इथं सांगणार नाही. सांगितलं तर तुर्भ्याच्या गावठाणातली निम्मी माणसं म्हणतील, अगं, हे तर आमचे काका.

नाव पडायचं कारण साधं होतं. आमचा सराव चालू असताना सर मैदानाकडे पाठ करून बसायचे. कंपाउंडच्या भिंतीशी एक लोखंडी स्टूल, त्यावर सर, तोंड भिंतीकडे. भिंतीपलीकडे ट्रक उभे असायचे. त्यांच्या ताडपत्र्यांकडे बघत सर खिशातले शेंगदाणे खायचे आणि मागं आम्ही धूळ उडवत असायचो. नवीन माणसाला वाटावं, या गृहस्थाला शाळेनं शिक्षा केलेली दिसते.

डाव संपला की सर स्टुलावर गर्रकन वळायचे आणि एकेकीचं माप काढायचे. "तिसऱ्या चौकोनात कोन बसलीय? उठताना कुथतेस कशाला? म्हातारी झालीस?" "खांबाकडून येताना दोन पावलं फुकट टाकलीस." "तू खो दिलास का विचारलास गो? खो विचारायचा नसतो." यातलं एकही चुकीचं नसायचं. पावलं, श्वास, चपळाईनं वळताना मातीचा होणारा आवाज, सगळं त्यांना पाठीमागून कळायचं. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, भिंतीवर कुठंतरी आरसा लावलाय. एकीनं मधल्या सुट्टीत जाऊन शोधलासुद्धा.

मी तेव्हा आठवीत होते आणि नको ते प्रश्न विचारणारी म्हणून शाळेत बदनाम होते. मी सरळ विचारलं, "सर, तुम्ही बघत का नाही?"

"डोळा लबाड असतो," सर म्हणाले. "डोळ्याला लाडकी पोरगी दिसते, खेळ नाय दिसत. कानाला लाडकी-दोडकी कळत नाय."

हे त्यांना वडिलांकडून आलं होतं म्हणे. वडील मिठागरावर होते. आता जिथं सोसायट्यांचे जिने आहेत तिथं तेव्हा मिठागरं होती. भरतीचं पाणी आत घ्यायची वेळ आली की वडील बांधावर डोळे मिटून बसायचे आणि पाणी किती आलं ते आवाजावरून सांगायचे. पुढं जमिनी गेल्या, शहर आलं, सरांच्या भावांनी जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारती उठवल्या आणि गळ्यात साखळ्या घातल्या. सर मात्र सायकलवरून शाळेत यायचे. शाळेत लागण्याआधी पाच वर्षं ते रबाळ्याच्या एका कारखान्यात होते. तिथं पत्रा दाबायचं मशीन दिवसभर धाडधाड करायचं. त्या पाच वर्षांबद्दल ते फार बोलत नसत.

सर चिक्कू होते. शब्दांच्या बाबतीत. त्यांच्याकडं कौतुकाचा एकच शब्द होता, "ठीक". तो ऐकायला मी आठ महिने घाम गाळला. ज्या दिवशी ते मला "ठीक" म्हणाले त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "एवढंच? अगं, मग अजून नीट खेळ की."

त्यांचे नियमही विचित्र. सराव संपला की प्रत्येकीनं आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी मधल्या पट्टीवर ओतायचं, धूळ बसावी म्हणून. जिच्या बाटलीत घोटभरही उरलेलं नसे तिला दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी पळायला लागायचं. "सगळं आपल्यालाच पायजे काय? मातीला नको?" आम्ही मग शहाण्या झालो. पाणी पिऊन संपवायचं आणि निघताना नळावर बाटली भरून आणायची. सरांना तेही कळायचं. नळाच्या पाण्याचा आवाज वेगळा पडतो म्हणे. यावर मी अजूनही विश्वास ठेवलेला नाही, पण ते पकडायचे हे खरं.

माझे बाबा सातारकडचे, मार्केटात माथाडी. मी खेळायला त्यांची हरकत नव्हती, हाफ पँटला होती. सर घरी आले. चहा नको म्हणाले, माठातलं पाणी मागून घेतलं.

"खेळू द्या हो, पण ती चड्डी तेवढी नको," बाबा म्हणाले. "चाळीत लोकं बघत्यात."

"तुमी मार्केटात गोनी उचलताना काय घालता?"

"हाफ पँट. लेंग्यात पाय अडकतो."

"मग हिचा नाय अडकनार?"

 त्या रविवारी बाबांनी स्वतः जाऊन माझ्यासाठी दोन हाफ पँट आणल्या. दहावीपर्यंत पुरतील अशा मापाच्या आणल्या. आठवी-नववीची दोन्ही वर्षं मी एका हातानं पँट सावरत खेळले.

मी शाळेत सगळ्यांत जोरात पळायची. याचा मला माज होता, उगाच नाकारत नाही. संघात घेतल्यावर सरांनी मला महिनाभर पळूच दिलं नाही. चौकोनात बसायचं, खो मिळाला की उठायचं, पहिल्याच मुलीला खो द्यायचा आणि परत बसायचं. मी रडकुंडीला आले. "सर, मी पळते ना चांगली."

"पळतं तर गाढव पन. बसून दाखव."

खो-खोत आठ जणी बसलेल्या असतात, एकच पळते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण बसलेली मुलगी काय करते ते कुणी बघत नाही. ती तिच्या पाठीमागून येणाऱ्या हाताची वाट बघत असते. हात पाठीला लागला आणि खो कानावर आला की ती मागं वळून न बघता उठते. मागची खरं बोलतेय हे तिला धरूनच चालावं लागतं. सर हे असं समजावून सांगत नसत हं. ते फक्त बसवून ठेवत. हे मी नंतर माझं मी लावलेलं आहे, आणि ज्या कारणानं लावलं ते पुढं सांगते.

नववीत असताना पहिल्यांदा शंका आली. डाव संपल्यावर सर वळले आणि म्हणाले, "सुनीता, तुझा दम तुटतोय." सुनीता त्या दिवशी शाळेतच आली नव्हती. आम्ही एकमेकींकडे बघितलं. दोन दिवसांनी भिंतीपलीकडून एका ट्रकवाल्यानं इतका कर्कश हॉर्न मारला की आम्ही सगळ्या दचकून थांबलो. सर शेंगदाणे खात होते. त्यांची मानसुद्धा हलली नाही.

सरांना ऐकू येईनासं झालं होतं. रबाळ्याच्या त्या मशीननं उशिरा का होईना, आपलं काम केलं होतं.

याबद्दल आम्ही आपसातसुद्धा फारसं बोललो नाही. निवृत्तीला त्यांची तीनच वर्षं राहिली होती. शाळेला कळलं असतं तर खेळ काढून घेतला असता, आणि खेळ काढला तर सरांना शाळेत दुसरं काम काय? ते तोंड फिरवून बघायला लागले असते तरी भागलं असतं, पण मग सगळ्यांना कळलंच असतं. म्हणून ते पाठमोरे बसत राहिले, आणि आम्ही खो मोठ्यानं द्यायला लागलो. कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. सुरुवातीला जरा मोठा, मग आणखी मोठा, मग असा की शेजारच्या गॅरेजमधली माणसं बाहेर येऊन बघायची. नेरूळला एका स्पर्धेत पंचांनी आम्हाला थांबवून ताकीद दिली, "मुलींनो, खो द्या, मारामारी करू नका." सर मात्र खूश होते. "आपल्या पोरींच्या आवाजात दम हाय," ते दुसऱ्या शाळेच्या सरांना सांगत होते. आम्ही मागं उभ्या राहून हसलो, आणि सुनीताला हसता हसता रडू आलं.

दहावीत, पावसाळा संपल्यावर, माझा घोटा मुरगळला. चांगलाच. मी कर्णधार होते. सरांनी स्टुलाशेजारी एक बादली उपडी घातली आणि मला म्हणाले, "इथं बस. डावाची वही लिही. लिहिताना मोठ्यानं वाच, म्हंजे चुकत नाय."

म्हणजे काय ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं असणार. सर भिंतीकडे तोंड करून, मी मैदानाकडे. मी लिहायची आणि सरांच्या कानाशी मोठ्यानं वाचायची. "सुनीतानं खो दिला, वेळेवर. तिसरीनं दिशा बदलली, फाऊल." डाव संपला की सर वळायचे आणि माझेच शब्द त्यांच्या पद्धतीनं मुलींना सुनवायचे. मुलींना वाटायचं, सरांना परत ऐकू यायला लागलं. मग हळूहळू कळलं, आणि मला आवळासुपारी वगैरे मिळायला लागली. मी चढून गेले. सरांचे कान म्हणजे मी.

सुजाता त्याच वर्षी नववीत आली होती. परभणीकडची. आई तुर्भ्यातच मसाल्याच्या गाळ्यात पाकिटं भरायची. सुजाता बारीक, गप्प, आणि मैदानावर पाण्यासारखी. माझ्या जागी ती खेळायला लागली. वाईट खेळली असती तर किती बरं झालं असतं.

विभागीय स्पर्धेसाठी बारा नावं पाठवायची होती. अकरा ठरली होती. बाराव्या नावासाठी आम्ही दोघी होतो. माझा घोटा स्पर्धेपर्यंत बरा होईल असं डॉक्टर म्हणत होते. विभागापर्यंत खेळलेल्या मुलींना दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात असं शाळेत सगळे म्हणायचे, आणि गणितात माझी बोंब होती. मी नापास झाले तर बाबा पुढं शिकवणार नाहीत, गावाकडं एक स्थळ बघून ठेवलंय, हे मला घरातल्या कुजबुजीवरून कळलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं म्हणून सांगते.

सरांनी तीन दिवस सुजाताला खेळवलं. "हिचं नीट बघ," मला म्हणाले. "तू कर्नधार हायस. तुझ्या जागेची हाय म्हनून तूच बघ."

पहिल्या दिवशी तिचा एक खो खरंच चुकला. तोंडातून खो आधी गेला, हात नंतर लागला. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी एकही चुकला नाही. तरी मी एकदा म्हणाले, "हात उशिरा, सर." म्हणाले, पण वहीत लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तीनदा म्हणाले, आणि तिन्ही वेळा लिहिलंसुद्धा. जिभेला सवय किती पटकन लागते, ते मला त्या आठवड्यात कळलं.

"नक्की?" सरांनी विचारलं.

"नक्की, सर."

त्यांनी मान हलवली आणि मुठीतले निम्मे शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. बारावं नाव माझं लागलं.

सुजातानं मला येऊन विचारलं. भांडायला नाही, शिकायला. "ताई, माझं चुकतंय काय?"

"हात उशिरा लागतो तुझा."

तिनं खरं मानलं. मानणारच, कर्णधार सांगत होती. शाळा सुटल्यावर ती जिन्याखालच्या भिंतीला हात लावून सराव करायला लागली. हात, खो. हात, खो. मी लंगडत घरी जाताना तो आवाज यायचा. आठवडाभरात तिचा खेळ बिघडला. आता ती हात लावून क्षणभर थांबायची, लागला ना याची खात्री करायची आणि मग खो म्हणायची. बसलेल्या मुली अर्ध्या उठून परत बसायच्या. पाण्यासारखी पोर पायरी-पायरीनं पळायला लागली. आणि मी वहीत लिहीत होते, "खो उशिरा", आणि आता ते खरं होतं.

ते मला झेपलं नाही. माझं नाव लागलं होतं, गुण मिळणार होते, कुणालाही काही कळलं नव्हतं. पण तिला भिंतीशी बघितलं की मला जेवण जायचं नाही.

एका मधल्या सुट्टीत मी खेळाच्या खोलीत गेले. जिन्याखालची खोली, दार मैदानाकडे उघडं. सर चुना मारायची दोरी गुंडाळत बसले होते.

"सर, मी सुजाताबद्दल खोटं सांगितलं," मी म्हणाले.

"हां हां," सर म्हणाले. "रोज हळद लाव. सूज उतरंल."

त्यांना ऐकूच आलं नव्हतं. त्यांना वाटलं, मी पायाचं सांगतेय.

मी तिथं उभी राहिले. मला अजून आठवतं, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं होतं ना? आता ऐकू आलं नाही त्याला मी काय करू? वळून दारापर्यंत गेलेसुद्धा. दारातून सुजाता दिसली, नळावर बाटली भरत होती. मी परत फिरले.

"सर, मी खोटं सांगितलं."

"काय?"

"खोटं सांगितलं!"

"मोठ्यानं बोल गो, काय पुटपुटतेस?"

मग मी ओरडले. दोन वर्षं खो ओरडून कमावलेल्या गळ्यानं ओरडले. "सर, सुजाताचा हात वेळेवर होता! मी खोटं सांगितलं! तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून सांगितलं!"

मैदानावरचा खेळ थांबला. नळ तेवढा चालू राहिला. वरच्या गॅलरीत मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या, त्या कठड्याशी आल्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी माझं सांगता सांगता सरांचंही सांगून टाकलं होतं. दोन वर्षं तीस मुलींनी जपलेली गोष्ट मी एका वाक्यात चव्हाट्यावर आणली. 

सर उठले. दोरी खुंटीला अडकवली. बाहेर येऊन आधी सुजाताकडे गेले. "तुझा हात वेळेवर होता. चूक आमची. भिंत सोड आता." मग मान वर करून गॅलरीकडे बघितलं. "बाई, पोरगी बोलते ते खरं हाय. मला दोन वर्षं नीट ऐकू येत नाय."

"अहो सर, मग सांगितलं का नाही?"

बाईंना ते दोनदा विचारावं लागलं.

"खेळ काढून घेतला असता तुमी," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळून, हळू बोलायचा प्रयत्न करत, पण ऐकू न येणाऱ्या माणसाचं हळू ते किती हळू असणार, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकटीनं रडू नको. ऐकू येतं म्हनून मीपन खोटंच बसलो होतो."

त्यांनी मला शिक्षा केली नाही. स्पर्धेचा फॉर्म काढला, पेन दिलं. "नाव मी नाय बदलनार. तू बदल." माझं नाव खोडून सुजाताचं नाव मी माझ्या अक्षरात लिहिलं. जागा अपुरी होती, म्हणून 'सुजाता' जरा वाकडं आलंय. तो फॉर्म कुठंतरी फायलीत असेल अजून.

खेळ अर्थातच काढून घेतला. संघ चित्रकलेच्या सरांकडे गेला. ते मैदानाकडे तोंड करून बसायचे आणि गडी कुणाचाही बाद झाला तरी टाळ्या वाजवायचे. बाईंनी पाठमोऱ्या सरांना हजेरीपट दिले. "तोंड फिरवून बसला असता तरी चाललं असतं की हो," असं बाई नंतर म्हणाल्या म्हणे. सर म्हणाले, "या वयात आता लाडकी कुठं शोधू?"

मुली माझ्याशी बोलत नव्हत्या. बरोबरच होतं. सुजाताची आई दुसऱ्या दिवशी गाळ्यातून सुट्टी काढून आली, अंगाला धन्या-मिरच्यांचा वास. फाटकाशी मला गाठून नखशिखांत बघितलं. "तूच का ती? पायाला लागलं म्हनं तुझ्या. पायाला कशाला लागलं? तोंडाला लागाया पायजे होतं." मी खाली मान घालून ऐकलं. आजही मला तिचं म्हणणं चूक वाटत नाही.

मी आता रबाळ्यालाच एका कंपनीत माल तपासायचं काम करते. गणितात काठावर पास झाले, बाबांनी पुढं शिकवलं, स्थळ बारगळलं. रोज वीस-पंचवीस कागदांवर 'तपासले' म्हणून सही करते. घाईच्या दिवशी साहेब म्हणतात, "मॅडम, बघितल्यासारखं करा आणि सोडा." मी सोडत नाही. डिपार्टमेंटमध्ये मला खडूस म्हणतात. सर गावठाणात भावांच्या दोन इमारतींच्या मधल्या बैठ्या घरात राहतात. कानाचं मशीन पुतण्यानं घेऊन दिलंय, ते खिशात असतं. घातलं की पुतण्याच्या बायकोचं सगळं बोलणं ऐकू येतं म्हणतात.

तर विभागीय स्पर्धा. ती नेरूळच्या मैदानावर होती. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले. सगळ्यांत वरच्या पायरीवर, एका कोपऱ्यात बसले. पलीकडं चार हातांवर सुजाताची आई. मला बघून तिनं पिशवी उचलून आमच्या मध्ये ठेवली.

दुसरा सामना सुरू झाला तेव्हा सर आले. आता संघाशी त्यांचा काही संबंध नव्हता, सुट्टी टाकून आले होते. वरच्या कठड्यावर, रस्त्याकडं तोंड आणि मैदानाकडं पाठ करून, माझ्या शेजारीच बसले. लोक वळून बघायला लागले.

"सांग," म्हणाले.

"सर, मी?"

"मग कोन? मला काय ऐकू येतंय?"

मी सांगायला लागले.  सुनीतानं एकीला बाद केलं, सांगितलं. सुजाता खांबावरून कशी वळली, सांगितलं. तिचा खेळ परत आला होता. पाण्यासारखी. मी सांगत होते आणि सुजाताची आई न बघितल्यासारखं करून ऐकत होती.

शेवटच्या डावात एक गुण हवा होता, समोर त्यांची एकच मुलगी उरलेली, आणि अगदी थोडा वेळ. सुजाता तिच्या मागं सुटली, सातव्या चौकोनात सुनीताला खो दिला, सुनीता उठली आणि आडवी झेपावली. बाद! आमच्या मुली उड्या मारायला लागल्या. पण शिट्टी वाजली. पंचांचा हात वर. फाऊल. बाद धरली नाही. तेवढ्यात वेळ संपली.

एकच गोंधळ झाला. चित्रकलेचे सर मैदानात धावले. सुजाता डोक्याला हात लावून उभी. तिची आई ताडकन उठली. "लबाडी हाय ही! येळेवर होता माझ्या लेकीचा हात!" पंचांमधले दोघं-तिघं सरांचे जुने ओळखीचे होते. सर गेले असते तर निदान ऐकून तरी घेतलं असतं. सर कठड्यावरून उतरून उभे राहिले, निघायच्या तयारीत.

"हात वेळेवर होता?" त्यांनी मला विचारलं.

मी नीट बघितलं होतं. सुजाताच्या तोंडून खो आधी निघाला, हात वीतभर लांब होता. सुनीता शब्दावर उठली, हातावर नाही. त्या तीन दिवसांत मी जे खोटं सांगितलं होतं, तेच आज खरं झालं होतं. आणि तिची आई माझ्याकडं बघत होती. 'वेळेवर होता' एवढंच म्हणायचं होतं. सर भांडायला गेले असते, सुजाताला बरं वाटलं असतं, तिच्या आईनं पिशवी उचलली असती, मी सगळ्यांची परत झाले असते.

सरांना ऐकू जावं म्हणून मला ओरडावंच लागलं. "उशिरा होता, सर! खो आधी गेला! हात उशिरा लागला!"

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना वळवल्या. मला रडू फुटलं होतं.

"बघा! बघा सर, पुन्हा तेच!" सुजाताची आई किंचाळली. "माझ्या लेकीच्या मुळावरच उठलीय ही सटवी! तुमी जा सर, तुमी जाऊन सांगा त्यांना!"

तिचं सगळं त्यांना ऐकू आलं नसेल, पण तिचं बोट माझ्याकडं होतं ते दिसलं. या वेळी सरांनी मला "नक्की?" असं विचारलं नाही. ते परत कठड्यावर बसले, आणि तिला म्हणाले, "बसा ताई. पोरगी सांगते ना, मग हरलो आपन."